१७ सप्टेंबर : पाच दिवस की दहा वर्षे?

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सकाळी दख्खनच्या तीन राज्यांत एकाच घटनेसाठी तिरंगा फडकतो, पण त्या घटनेचे नाव प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. पलीकडे कलबुर्गीत हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन होता. २०१९ मध्ये त्या भागाचे नाव कल्याण कर्नाटक झाले आणि दिवसही कल्याण कर्नाटक उत्सव झाला. तेलंगणात तर एकाच शहरात एकाच सकाळी दोन समारंभ झालेले आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला आणि त्याच दिवशी के. चंद्रशेखर राव यांच्या राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. मार्च २०२४ मध्ये केंद्राने हैदराबाद मुक्ती दिनाची अधिसूचना काढली. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेस सरकारने हा दिवस प्रजा पालन दिन म्हणून घोषित केला. एमआयएम पक्षाचा आग्रह एकात्मता दिनाचा आहे. कम्युनिस्ट पक्षांच्या लेखी या तारखेचा खरा संबंध तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याशी आहे.

एका तारखेला इतकी नावे का लागावीत, याचे सोपे उत्तर असे की प्रत्येक पक्ष आपापल्या मतदाराकडे पाहून बारसे करतो. ते खोटे नाही, पण तेवढ्याने समाधान होत नाही. नाव कोणतेही असो, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातले अग्रलेख, सभांमधली भाषणे आणि वाहिन्यांवरच्या चर्चा जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतात : १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाच्या हैदराबाद संस्थानात जे झाले ती मुक्ती होती, विलीनीकरण होते की आक्रमण होते? हा प्रश्नच फार आखूड आहे, असे मला वाटते. निदान मराठवाड्यापुरते बोलायचे तर या दिवसाचे मोल त्या पाच दिवसांत शोधून सापडणार नाही. ते त्याआधीच्या दहा वर्षांत आहे. १९३८ पासून या भागातल्या माणसांनी काही ठरावीक, लिहून ठेवलेल्या मागण्यांसाठी तुरुंग भोगला, शाळा सोडल्या, घरे सोडली. त्या मागण्या डोळ्यांसमोर ठेवल्या तर आजच्या सरकारला या दिवशी काय विचारायचे ते स्पष्ट होते. त्या विसरल्या की तारीख रिकामी होते आणि मग ज्याला जे हवे ते तो तिच्यात भरतो.

हैदराबाद हे त्या काळातले देशातले सर्वाधिक लोकसंख्येचे संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेत तिथे १ कोटी ६० लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर आणि हिंगोली पुढे त्यांतूनच निघाले. इतक्या भाषांच्या या राज्यात दप्तर उर्दूत, कोर्टाचा निकाल उर्दूत आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. एका भारतीय भाषेतून थेट वैद्यक आणि अभियांत्रिकीपर्यंत शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ज्या कुणब्याच्या पोराच्या घरी मराठी बोलली जाई त्याला उर्दूचा तो दरवाजा इंग्रजीइतकाच परका होता. जमिनीची स्थिती याहून बिकट. संस्थानातली सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी वसुलीखाली. सुमारे ३० टक्के जागीरदारांकडे. आणि उरलेली सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाची खासगी. जागिरीतल्या रयतेवर सारा किती लावायचा आणि वेठ किती घ्यायची हे बव्हंशी जागीरदाराच्या मर्जीवर असे. याविरुद्ध तोंड उघडायचे तर गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम आडवा येई : जाहीर सभेला आधी परवानगी हवी. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही सरकारची नजर असे. रयतेला जबाबदार असलेले सरकार ही कल्पनाच तिथे राजद्रोहाच्या सीमेवर होती.

अशा ठिकाणी राजकारण शाळेच्या वर्गातून सुरू झाले, यात नवल नाही. सभा भरवता येत नव्हती, पण शाळा चालवता येत होती. औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय या संस्थांनी जे शिक्षक आणि विद्यार्थी घडवले तेच पुढे चळवळीचे कार्यकर्ते झाले. व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिकवत. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि संन्यासानंतर राजकारणात अधिकच खोल शिरले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि तिची रीतसर सुरुवात होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास उस्मानियात आणि औरंगाबादच्या कॉलेजात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. संस्थानाबाहेर पडलेल्या या विद्यार्थ्यांतल्या अनेकांना नागपूरने जागा दिली. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. बंदी उठायला जुलै १९४६ उजाडला. या आठ वर्षांत स्टेट काँग्रेस एक दिवसही कायदेशीर संघटना नव्हती आणि तरीही टिकली. ती का टिकली याचे कारण तिच्या मागण्यांत आहे : जबाबदार राज्यपद्धती, सभा आणि लेखनाचे स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या डाव्या वळणाच्या कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे जमिनीचा प्रश्नही. या मागण्यांत राजाचा धर्म बदला असे कुठेच नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. रझाकारांचे काय? लातूरचा वकील कासिम रझवी, त्याची ती सशस्त्र दले, गावोगावची जाळपोळ, खून, बायकांवरचे अत्याचार. हे सारे बाजूला सारून मागण्यांचीच यादी वाचली तर तो इतिहास सोवळा होतो, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. नांदेड भागातले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची ऑक्टोबर १९४६ मध्ये अर्जापूरजवळ हत्या झाली. बीदर जिल्ह्यातले गोरटा आणि वरंगळकडचे भैरानपल्ली ही हत्याकांडांची नावे आजही त्या भागात हलक्या आवाजात घेतली जातात. रझाकारांमागच्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची भूमिका तर उघडच होती : हैदराबादवर मुसलमानांची सत्ता हा त्यांचा हक्क आहे. निजामाने त्या टोळ्यांना वाढू दिले आणि शेवटी त्या त्याच्याही हाताबाहेर गेल्या. यातले काहीही लपवण्याची गरज नाही. पण त्याच काळातली दुसरी नोंदही तितकीच पक्की आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनी मारले, त्याचा हात तोडला. तो उर्दू दैनिक ‘इमरोज’ चालवत होता आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होता. निजामाच्या मंत्रिमंडळाकडे पाहावे तर उलटे चित्र दिसते : मीर लायक अली पंतप्रधान असताना उपपंतप्रधान पिंगल वेंकटराम रेड्डी होते. जुलमी राज्यपद्धतीच्या बाजूने काही हिंदू वतनदार उभे होते आणि तिच्या विरोधात काही मुसलमानांनी जीव दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादच्या अस्पृश्य समाजाला निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका असे बजावले होते. संस्थानात राहून त्या दिवसांत जगणाऱ्याला लढ्याची रेघ नेमकी कुठून जाते हे ठाऊक होते. आज दूर बसून बोलणाऱ्यांना ती धर्माच्या रेघेशी तंतोतंत जुळवून घेण्याची घाई झालेली असते.

दुसरा आक्षेप लष्कराचा. स्टेट काँग्रेसने कितीही सत्याग्रह केले असते तरी सरदार पटेलांनी फौज पाठवली नसती तर संस्थान पडले नसते. मग दिवस लढ्याचा कसा, तो सैन्याचा आणि पटेलांचा. लष्करी घटनाक्रम या म्हणण्याला बळ देतो हे कबूल करायला हवे. १३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १५ तारखेला औरंगाबाद पडले. १७ ला सायंकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, आणि रीतसर शरणागती निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी १८ ला पत्करली. म्हणजे आपण पाळतो ती तारीख निजामाच्या घोषणेची आहे. हे सारे झाले तेव्हा लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. पण फौज जिथून निघाली त्या सीमेवर आधी काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकारने त्याच्याशी वर्षभराचा जैसे थे करार केला, आणि त्यामुळे भारतीय सैन्याला आत येण्याचे कारणच उरले नव्हते. ते महिने सीमेवरच्या कॅम्पांनी निभावले. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड, चांदा या बाजूंनी लावलेल्या या ठाण्यांमधून कार्यकर्ते आत शिरत, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळत, रझाकारांच्या तुकड्यांशी लढत, पळून आलेल्या कुटुंबांची सोय लावत. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक जानेवारी १९४८ मध्ये लुटली गेली ती याच लढ्याच्या खर्चासाठी. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या, शिकलेल्या नसलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईने शस्त्र वाहिले. हे रान पेटते ठेवले नसते तर करार वर्षभर शांतपणे चालला असता, आणि वर्ष संपताना हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात केवळ दोन सरकारांमधला वाद म्हणून मांडला गेला असता. निजामाने तो तिथे नेलेला होताच. फौजेने दार तोडले हे खरे; पण ते दार आतून कमकुवत करणारे हात वेगळे होते.

पाच दिवसांवर नजर खिळवल्याने सर्वांत मोठे नुकसान होते ते त्यानंतरच्या काही आठवड्यांच्या बाबतीत. १७ सप्टेंबरनंतर संस्थानाच्या मराठी आणि कन्नड जिल्ह्यांत मुसलमानांवर भयंकर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यांनी १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल दिला. त्यांच्या अंदाजाने, आणि हा अंदाज त्यांनी हात आखडून केला होता, मेलेल्यांची संख्या २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान होती. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नोंदले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे चारांपैकी दोन आजच्या मराठवाड्यातले. रझवीच्या लातूर गावात तर हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले, असे अहवाल सांगतो. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आणि तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही : अनेक गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना लपवले, जिवावर उदार होऊन वाचवले.

हे उकरून काढल्याने जखमा भळभळतील, दोन्ही समाज आता एकत्र नांदतात, तर कशाला, असे सांगितले जाते. माझे उत्तर असे की उस्मानाबादच्या आणि नांदेडच्या खेड्यांत ही गोष्ट कुणी विसरलेले नाही. ती घरात सांगितली जाते, फक्त जाहीर समारंभात तिचा उच्चार होत नाही. एका समाजाची स्मृती सरकारी मंडपात आणि दुसऱ्याची फक्त माजघरात, अशी वाटणी झाली की हा दिवस मुसलमान नागरिकाला परका वाटू लागतो आणि मग तो हजर राहत नाही म्हणून दरवर्षी त्याच्याकडे बोट दाखवले जाते. रझाकारांचा अत्याचार आणि नंतरचा सूड यांना एकाच तराजूत घालून दोन्ही फिटले असे म्हणायचे नाही. निरपराध माणसांच्या बाबतीत फिटंफाट होत नसते. जो लढा नागरिकाच्या हक्कासाठी होता त्याच्या स्मृतिदिनी, लढा जिंकल्यानंतर ज्या हजारो नागरिकांचा जगण्याचा हक्क हिरावला गेला त्यांचे नाव घेण्याइतके आपण मोठे व्हायला हवे. स्टेट काँग्रेसच्या मागण्यांमध्ये कुठल्याही समाजाला वगळलेले नव्हते.

मुक्ती कोणापासून, या प्रश्नाचे उत्तरही पाच दिवसांच्या इतिहासात नीट मिळत नाही. ज्या निजामापासून मुक्ती मिळाली तो मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत त्या पदावर राहिला. माणूस तोच राहिला आणि पद्धत बदलली, तर मुक्ती पद्धतीपासून होती असेच म्हणावे लागते. ती पद्धत बदलण्याचे टप्पे मोजले तर १७ सप्टेंबर त्यांतला एक आहे, शेवटचा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. लष्करी राज्यपालाचा कारभार डिसेंबर १९४९ पर्यंत चालला, त्यानंतर दिल्लीने नेमलेले वेलोदी मुख्यमंत्री होते, आणि लोकांनी निवडलेले पहिले सरकार मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या नेतृत्वाखाली बसले. म्हणजे ज्या जबाबदार राज्यपद्धतीसाठी १९३८ मध्ये माणसे तुरुंगात गेली ती प्रत्यक्षात यायला आणखी साडेतीन वर्षे लागली. तेलंगणात तर भारतीय सैन्य ऑक्टोबर १९५१ पर्यंत कम्युनिस्टांच्या शेतकरी दलांशी लढत होते. शेतकरी चळवळीतल्या दोड्डी कोमरय्याच्या हत्येपासून, जुलै १९४६ पासून, सुरू झालेला लढा तिथे १७ सप्टेंबरला संपलाच नाही. तिथल्या डाव्यांना या तारखेचा विजयोत्सव रुचत नाही, याचे कारण समजून घेणे अवघड नाही. मराठवाड्याचा अनुभव त्यांच्यापेक्षा वेगळा होता आणि म्हणून इथली भावनाही वेगळी आहे. दोन्हीकडे एकच नाव लादण्याचा हट्ट केंद्राने धरायला नको होता, असे मला वाटते. तीन भाषांच्या तीन प्रदेशांनी एकाच राज्यात तीन वेगवेगळी आयुष्ये काढली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य भाषावार विभागले गेले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. सत्तेत, नोकऱ्यांत, निधीत मागास भागांना वाटा मिळेल अशी हमी त्यात होती, आणि राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूदही झाली. मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली. मधल्या काळात जे झाले ते मला या दिवसाच्या अर्थाशी थेट जोडलेले दिसते. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवांत बसले नाहीत. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले तेव्हा मराठवाडा जनता विकास परिषदेच्या झेंड्याखाली तेच पुढे होते. अनंत भालेराव यांनी ‘मराठवाडा’ दैनिकातून आयुष्यभर हेच मांडले, आणि हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. निजामाकडे जो हक्क मागितला तोच आपल्या सरकारकडे मागायला ही माणसे कचरली नाहीत. मनमाडपासून परभणीपर्यंतची रेल्वे रुंद करा, पाणी द्या, औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ द्या, या मागण्या त्यांच्या हिशेबी १९३८ च्याच मागण्यांचा पुढचा भाग होत्या. खंडपीठ १९८१ मध्ये आले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्यातल्या सर्व भागांचा अनुशेष मोजून एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा आकडा मांडला आणि त्यात मराठवाड्याचाही वाटा होता.

मुक्तिसंग्राम दिनी अनुशेष, सिंचन, रेल्वे काढणे म्हणजे पवित्र दिवसाचे राजकारण करणे, असे सत्तेवर असलेला प्रत्येक पक्ष म्हणत आला आहे. पण राजकारण तर दोन्ही बाजूंनी होतच आहे. १६ सप्टेंबर २०२३ रोजी, अमृतमहोत्सवी वर्ष संपताना, राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरात भरली आणि मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या कामांची घोषणा झाली. तोच महिना मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा होता. निजामकालीन नोंदींमध्ये मराठवाड्यातले मराठे कुणबी म्हणून लिहिलेले आहेत, म्हणून आम्हाला कुणबी प्रमाणपत्र द्या, ही मनोज जरांगे यांची मागणी. तिच्या तपासासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावरचे उपोषण सुटले ते हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाल्यावर. लगेच बंजारा समाजाने त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दाखला मागितला आणि इतर मागासवर्गीय संघटनांनी मराठ्यांच्या दाखल्यांना विरोध केला. ज्या दप्तराविरुद्ध लढलो त्याच दप्तरातली पाने आज मराठवाड्यातल्या तरुणांच्या हाती आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कागद कोणाच्याही राज्यातला असो, पुरावा हा पुरावाच. पण एका पिढीला शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरकडे धाव घ्यावी लागते याचे कारण शेतीतले उत्पन्न, पाणी आणि रोजगार यांत आहे, आणि ते कारण ४५ हजार कोटींच्या घोषणेने दूर झालेले नाही. मंत्रिमंडळाची बैठक भरवणे हेही या दिवसाचे राजकारणच होते. मग बैठकीत काय ठरले आणि पुढे काय झाले, हे विचारणे तेवढे अपवित्र कसे ठरेल?

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापन करावीत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. १९५६ पासून घटनेत असलेली ही तरतूद मराठवाड्याच्या बाबतीत एकूण २६ वर्षेच प्रत्यक्षात राहिली. शेजारच्या कल्याण कर्नाटकाकडे पाहिले तर फरक कळतो. त्याच निजामाच्या राज्यातून आलेल्या त्या जिल्ह्यांना ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) मिळाले आणि शिक्षण व नोकरीत स्थानिकांसाठी राखीव जागा मिळाल्या. तिथेही तक्रारी आहेत, पण तक्रार करायला तिथे घटनेचा ठोस आधार आहे.

म्हणून सिद्धार्थ उद्यानातल्या भाषणाकडून अपेक्षा एवढीच : रझाकारांचा उल्लेख जरूर असावा, शोएबुल्ला खान यांचाही असावा, सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ मध्ये उस्मानाबाद आणि नांदेडच्या गावांत मारल्या गेलेल्यांचाही असावा. आणि मग आधी जाहीर झालेल्या प्रत्येक कामावर आठही जिल्ह्यांत किती रुपये खर्च झाले, किती हेक्टर ओलिताखाली आले, हे सांगावे. सरकारनेच नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये असे आकडे मोजून दाखवले होते. ते काम दरवर्षी करायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.